लेकीचं टाकं

नख मारून काय बघतेस गं चुलीच्या ओट्याला? मार, आणखी मार. नख तुटेल तुझं, ओट्याला ओरखडा पडायचा नाय. तुझ्या माहेरी शेणानं सारवलेला ओटा असेल, हा चुन्याचा हाय. पारूच्या लग्नात माझ्या सासूनं लिंपला, एका डोळ्यानं बघत. तू पारूची धाकटी जाऊ, कालपरवा ह्या कडावच्या घरात आलीस, तुला ठाऊक नसणारच. पारू माझी लेक असली तरी मुलखाची मुकी, ती सांगायची नाय. मीच सांगते. लेकीकडं राहायला आले तर बसून दुसरं करू काय? तू तांदूळ निवडत ऐक. फक्त मधी मधी "मग काय झालं" करू नको, मला राग येतो.

सासूचं नाव कोंडी. गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती, म्हून ही जन्मली तशी तिला कोंड्यात लोळवली आन् नाव ठेवलं कोंडी, म्हंजे मरणाला वाटावं ही फुकाची हाय. जगली खरी. पण मी तिला पाहिलं तवापासनं ती थकलेलीच. बसली की "आई गं", उठली की "आई गं". मला वाटायचं, म्हातारी सोंग करते. माझी कंबर मोडली तवा कळलं.

आमी चुना भाजणारी माणसं. कर्जतच्या खालच्या अंगाला नदीकाठी आमची भट्टी. आता तू म्हणशील, इकडं चुन्याचा दगड कुठं हाय? खरंय. इकडं डोंगर काळा, घाट काळा, नदीतला दगड बी काळा. त्या काळ्यातनं पांढरं हुडकायचं हाच आमचा धंदा. ओढ्याच्या दरडीत, काळ्या मातीच्या पोटात चुनखडीचे खडे सापडतात, आल्याच्या कुड्यांसारखे वेडेवाकडे, भुरकट. ते उन्हातान्हात वाकून वेचायचे. कमी पडले तर पनवेलच्या खाडीकडनं शिंपल्यांच्या गाड्या मागवायच्या. शिंपला भाजा नाय तर खडा भाजा, चुना एकच.

मी नवी नवरी होते तवाची गंमत सांगते. पहिल्याच दिवशी मला टोपली देऊन धाडलं, "पांढरे खडे वेचून आण." मी गेले पळसदरीच्या बाजूला. तिथं आगगाडीसाठी डोंगर फोडलेला, त्याच्या खाली असे पांढरेशुभ्र चकाकणारे दगड पडलेले की डोळे दिपले. म्हटलं, ह्या लोकांना डोळे हायत की नाय? टोपली गच्च भरली, मान पार आत गेली, पण तोरा काय विचारू नको. घरी येऊन टोपली उलटी केली तर सासरा हसला, नवरा हसला, माझी नणंद आवडी तर पोट धरून खालीच बसली. सासू तेवढी हसली नाय. तिनं लिंबाची फोड आणली आन् माझ्या दगडावर पिळली. दगड नुसता ओला झाला. मग तिनं कोपऱ्यातला एक घाणेरडा खडा घेतला, त्याच्यावर पिळली, तर फस्स करून फेस आला.

"हा बोलतो बघ," सासू म्हणाली. "तू आणलीस ती गारगोटी. दिसायला रूपवान, पण मुकी. भट्टीत घातली तर लाकूड खाईल आन् हाय तशी बाहेर येईल. जो लिंबाला बोलतो तो आपला."

दुसऱ्या दिवसापासनं आवडी माझ्याबरोबर यायला लागली. खडा हुडकायला तिनंच शिकवलं मला. माझ्याहून लहान, पण जीभ अशी चुरूचुरू की थकवा कळायचा नाय. त्या घरात मला हसवणारी ती एकटीच होती, हे आधीच सांगून ठेवते.

भट्टी म्हंजे काय सुख नव्हतं. खाली लाकूड, वर खडे, परत लाकूड, परत खडे, असं रचायचं आन् पेटवायचं. आतला दगड तापून लाल होतो तवा त्याच्यातला वारा निघून जातो. तो वारा दिसत नाय, त्याला वास नाय, पण लय वंगाळ. भट्टीच्या वाऱ्याच्या बाजूला, खोलगटात कुणी झोपायचं नाय असा आमच्यात दंडक. एकदा आमचा कुत्रा झोपला तो उठलाच नाय. भाजून निघतो तो कळीचा चुना, दगड तोच पण हातात घेतला तर हलका. त्याच्यावर पाणी घातलं की विस्तव नसताना उकळ्या फुटतात, वाफा निघतात, दगडाचं पीठ होऊन जातं. तसाच एक शिंतोडा उडून सासूचा डावा डोळा गेला होता, माझं लग्न व्हायच्या आधी. आन् हात तर बघायला नकोत. आमच्या बायांच्या बोटांवर रेघा राहत नायत, चुना खाऊन टाकतो. टाचांच्या भेगांत चुना शिरला की रात्री पाय पोटाशी घेऊन रडायचं.

आता टाक्याचं ऐक. आमच्यात रीत अशी. घरात लेक जन्मली की त्या सालच्या पहिल्या भट्टीतला चांगला चुना निवडायचा, विझवायचा, गाळायचा आन् परसातल्या दगडी टाक्यात भरून ठेवायचा. वर पाणी, त्याच्यावर फरशी. लेक वाढते तसा चुना मुरतो. लग्न ठरलं की हळदीच्या आदल्या दिवशी तो चुना माठांत भरून तिच्या सासरी न्यायचा आन् आईकडच्या बाईनं तिच्या चुलीचा ओटा लिंपून द्यायचा. नवऱ्याकडच्या बाया काय करतात, चुना चिमटीत धरून चोळून बघतात. मुरलेला चुना लोण्यासारखा लागतो, ताज्याला कच लागते. कच लागली की झालं, जन्मभर टोमणा. "जन्मली तवा आईबापाला नकोशी होती वाटतं!"

ह्यात एक मेख हाय. चुन्यावरचं पाणी कधी आटू द्यायचं नाय. वारा लागला की तो जमतो, वरनं खाली दगड होत जातो, मग तो लिंपायच्या कामाचा राहत नाय. आन् टाकं घरात एकच. थोरलीचं रिकामं झाल्याबिगर धाकटीचं भरायचं नाय. दोन टाकी केली तर एक लेक घरातच राहते म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

माझं लग्न झालं तवा टाक्यात आवडीचा चुना होता. तिला स्थळं बघणं चाललं होतं. त्याच सुमाराला खोपोलीला विजेचं काम निघालं. डोंगरावरनं पाणी खाली आणायचं, माणसाच्या उंचीएवढे नळ, हजारो मजूर. चुना लागायचा ढिगानं. आमच्या गाड्या खोपोलीला जायला लागल्या आन् आवडी बापाबरोबर गाडीवर. तिथं तिला पोशा भेटला. ठाकराचा पोर, नळ ओढायच्या टोळीत होता. मी बघितलाय त्याला. सावळा, हसरा, चांगला होता हो पोरगा. एके दिवशी गाडी परत आली ती आवडीला सोडूनच.

सासऱ्यानं आकाशपाताळ एक केलं. जातीबाहेर गेली, नाक कापलं, काय काय बोलला. स्वतः गेला नाय, माझ्या नवऱ्याला धाडलं, आवडीच्या भावाला. त्याचं नाव मी घेत नाय, पण पुढं सासूच्या तोंडी येईलच. तो खोपोलीला गेला, बहिणीला बघितलं आन् बापानं पढवलं होतं ते बोलून आला. "आवडे, आजपासनं तू आमाला मेलीस." घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला, भाकर खाल्ली नाय. बापाचा शब्द त्यानं पोचवला, पण भोगला त्यानंच.

सासऱ्यानं कुदळ काढली. "टाकं मातीनं भरून टाकतो. लेकच नाय तर चुना कुणाचा?" तवा सासू फरशीवर जाऊन बसली. ओरडली नाय, रडली नाय. नुसती बसली.

"तिनं घर केलं, चूल मांडली," सासू म्हणाली. "ओटा नाय तिच्या चुलीला. आज ना उद्या न्यायला येईल. तुमाला माती टाकायची तर माझ्यावर टाका."

सासरा कुदळ घेऊन उभा राहिला, मग कुदळ टाकून नदीकडं निघून गेला. परत तो विषय त्यानं काढला नाय. आवडी आन् पोशा खोपोलीचं काम संपल्यावर घाटावर दुसऱ्या धरणाच्या कामाला गेली, एवढंच कानावर आलं.

आन् पाणी घालायचं कुणी? सुनेनं. दुसरं कोण हाय घरात? बरं, ते टाकं गळकं! खाली कुठंतरी बारीक चीर पडलेली. हसू नको, चुनेवाल्याचं टाकं गळतं हे मला बी कळतं. पण चीर बुजवायची तर टाकं रिकामं करायला पाहिजे, रिकामं केलं तर चुन्याला वारा लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हून दिवाळी सरली की पावसाळा लागेपर्यंत रोज सकाळी डोक्यावर घागर. पौषात नदी जवळ असायची. चैत्र-वैशाखात पाणी डोहात जायचं, मग दगडाधोंड्यातनं चढून यायचं. घरात प्यायला पाणी कमी पडलं तर चालेल, पण आवडीच्या चुन्याला कमी पडता कामा नये. मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील! आवडीला नाय, टाक्याला.

वर आणखी गावच्या बाया यायच्या निवळी मागायला. चुन्यावरचं स्वच्छ पाणी गं, तान्ह्या पोराचं पोट दुखलं की चमचाभर देतात. सासू कुणाला नाय म्हणायची नाय. "घे बाय, घे." तिचं काय जातंय, भरायला मी होते ना.

कर्जतच्या शाळेतले अण्णा मास्तर एकदा विहिरीसाठी चुना न्यायला आले होते. माणूस चांगला, पण बोलायला लागले की बैल उन्हात उभे. सासूनं टाक्याची फरशी सरकवली तर पाण्यावर पातळ साय धरलेली. मास्तर खुशीत आले. पपईच्या देठाची नळी केली, वाटीत निवळी घेतली आन् नळीतनं फुंकर मारली. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"कोंडीबाई, तुमच्या भट्टीत दगडातला जो वायू उडून जातो ना, तोच आपल्या श्वासात असतो," मास्तर म्हणाले. "चुन्याला तो मिळाला की चुना परत दगड होतो. शिंपला, खडू, संगमरवर, तुमचे ओढ्यातले खडे, सगळी एकाच घरची भावंडं. इंग्रजीत त्यांना कार्बोनेट म्हणतात. गेलेलं परत आलं की चुना पूर्ववत."

"किती दिसांनी परत येतं?" सासूनं विचारलं.

"हवा लागेल तसं. भिंत जाड असेल तर वर्षानुवर्षं."

सासूनं फरशी परत ओढली. मास्तर गेल्यावर मला म्हणाली, "अनशे, ऐकलंस ना? आपल्या श्वासानं बी जमतो तो. फरशी उगीच उघडी टाकू नको." मास्तरांनी एवढं शिकवलं आन् हिनं त्यातनं माझ्यासाठी आणखी एक काम काढलं!

मग सासरा वारला आन् त्याच साली पारू झाली. बारशाला बाया विचारायला लागल्या, "अनसूये, पारूचा चुना भरलास का गं?"  टाकं आवडीनं अडवलेलं. मी एकदा धीर करून सासूला म्हटलं, "आत्याबाई, आवडीवन्संचा चुना माठांत काढून ठेवू, टाक्यात पारूचा भरू." तिनं एका डोळ्यानं असं बघितलं की मी जीभ चावली. पारू पाळण्यात खिदळत होती, तिला काय कळणार तिची जागा गेली म्हून.

पुढच्याच्या पुढच्या साली मानमोडीचा ताप आला. तुझा जन्म बी नसेल तवा. माणसं सकाळी शेतात आन् संध्याकाळी तिरडीवर. भट्टीला लाकूड नाय आन् गावाला लाकूड पुरत नाय, चितांनाच सगळं लागायचं. दसरा झाल्यावर जैतू आला. जैतू म्हंजे आमाला लाकूड आणून देणारा ठाकर, पोशाच्या वाडीतला. मी आन् माझा नवरा भट्टीपाशी राख काढत होतो. जैतू मुंडासं काढून उभा राहिला. म्हणाला, "तुमची आवडी गेली रं. घाटावर, कामाच्या झोपडीत. पोशा बी गेला, तिच्या आधी दोन दिस."

माझा नवरा राखेत बसला. राखेतच.  मग म्हणाला, "आयला सांगायचं नाय. मी म्हणून आलो होतो तू मेलीस, आन् मेली. आता तेच आयला कोणत्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, "अहो, पण टाक्यातला चुना?"

तर माझ्यावर असा ओरडला की जैतू मागं सरला.  रडायचं होतं मला आवडीसाठी, पण रडले तर सासूला कळणार. म्हून पदर तोंडात कोंबून नदीवर गेले, तिथं रडले, आन् येताना घागर भरून आणली. टाक्यात ओतली. सासू ओसरीवर बसून बघत होती. "पाणी बोटभर वर हाय ना गं?" म्हणाली. "हाय," म्हटलं.

तशी वर्षं गेली बघ. मेलेल्या माणसाच्या चुन्याला जित्या माणसानं पाणी वाहायचं. मला ठाऊक हाय ती येणार नाय, नवऱ्याला ठाऊक हाय, आन् दोघांनी मिळून म्हातारीपुढं नाटक करायचं. कधी कधी ती म्हणायची, "यंदा आवडी येईल वाटतं," तवा नवरा उठून बाहेर जायचा. वैशाखात घागर घेऊन चढ चढताना मी आवडीला म्हणायची, "बाई गं, तू सुटलीस, मला का अडकवून ठेवलंस?" माझे केस चुंबळीखाली झडले. मान वाकली ती वाकलीच. देव सुटका करतो म्हणतात, तो कुठल्या कामात गुंतला होता कोण जाणे.

मधी कर्जत स्टेशनात सिमेंटच्या गोण्या उतरायला लागल्या. जंगलातनं लाकूड मिळेना. एक साल भट्टी पेटली, दोन सालं नाय, मग थंडच पडली. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरला. आन् पारूचं लग्न ठरलं, ह्या घरात. तुझी सासू बघायला आली तवाच म्हणाली, "चुना मुरलेला असेल ना घरचा? तुमी चुनेवाले, तुमच्याकडं काय कमी!" मी हसून मान हलवली आन् आत जाऊन घाम पुसला.

आता बघ, माझी पोर. एकुलती एक. तिच्या बारशाला चुना नाय, आन् लग्नाला बी नाय. ताजा आणायचा तर भट्टी थंड. विकतचा आणला तर कच लागणार. आन् परसात अख्खं टाकं भरलेलं, माझ्याच पाण्यानं जपलेलं! मी नवऱ्याला शेतात गाठलं. म्हटलं, "आज सांगा आत्याबाईंना. नाय तर मी सांगते."

"सांग," तो म्हणाला. "सांग आन् मार तिला. तुझ्या ओट्यापायी माझ्या आयला मार."

"माझा ओटा नाय तो, तुमच्या लेकीचा हाय!"

त्यानं नांगर सोडला, बांधावर बसला आन् दोन्ही हातांत डोकं धरलं. त्याच्या बी कानशिलावर पांढरे केस आले होते. माझा राग तिथंच बसला. थकलेल्या माणसाशी भांडायला बी जोर लागतो, तो मला राहिला नव्हता. मी घरी आले. सासूला नुसतं म्हटलं, "आत्याबाई, हळद जवळ आली. पारूच्या चुन्याचं काय करायचं?"

"बघू," ती म्हणाली.

रोज विचारलं, रोज "बघू". हळदीच्या दोन दिवस आधी मी आशाच सोडली. म्हटलं, जाऊ दे, ऐकून घेईल पोर टोमणे. बाईच्या जातीला काय, एक टोमणा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी डोहावरनं घागर घेऊन आले. परसात वळले आन् पाय थांबले. फरशी बाजूला पडलेली. एवढी जड फरशी म्हातारीनं एकटीनं कशी सरकवली देव जाणे. चुना खाऊ नये म्हून कोपरापर्यंत करंजाचं तेल चोपडून ती टाक्यावर वाकली होती आन् ओंजळी ओंजळीनं चुना माठात भरत होती. वरची साय फोडून एका अंगाला काढून ठेवलेली. खालचा चुना असा होता गं, असा मऊ आन् पांढरा, की मी एवढी वर्षं पाणी घातलं पण तो बघितला पहिल्यांदाच.

"आत्याबाई, हे काय करताय? आवडीवन्संचा हाय ना तो?"

तिनं वर बघितलं नाय. "आवडीला कशाला आता? ती मानमोडीतच गेली ना."

माझ्या डोक्यावर घागर तशीच. उतरवायचं सुचेना. "कोण म्हणालं तुमाला?"

"जैतू. तुमच्याकडं भट्टीवर यायच्या आधी तो ओसरीवर आला होता. मीच त्याला म्हटलं, जा, चांगोला सांग, पण मला सांगितलंस म्हणू नको."

"तवापासनं ठाऊक हाय तुमाला? तवापासनं? मग पाणी कशाला घालायला लावलंत?"

ती माठाच्या काठाला टेकून बसली. दम लागला होता. "चांगो तिला तू मेलीस म्हणून आला होता. मी रडले असते तर पोराला वाटलं असतं, आय मला बोल लावते. बापानं पाठवला, गेला बिचारा. त्याचं काय चुकलं? मी म्हटलं, जवर मी पाणी घालते तवर त्याला वाटेल म्हातारीला आशा हाय. तवर त्याचा शबुद माझ्यापुढं तरी खरा नाय झाला."

मी घागर खाली ठेवून तिच्यापुढं बसले. एकदम तोंडातनं निघालंच. "वा गं वा! माय लेकासाठी लपवते, लेक मायसाठी लपवतो, दोघांची माया उतू जाते. आन् पाणी कुणी वाहिलं? मी! माझी मान मोडली त्यात!"

सासूचं तोंड हललं. आधी मला वाटलं चिडली. तर ती हसत होती, दात नसलेलं तोंड उघडून, आन् एका डोळ्यातनं पाणी वाहत होतं. "व्हय गं अनशे," म्हणाली. "तूच वाहिलंस. काल तू चुना मागितलास तवा तुझा आवाज ऐकला मी. पार बसलेला. म्हटलं, मेलेल्या लेकीपायी जित्या सुनेला किती मारायची."

तेवढ्यात माझा नवरा आला. टाकं उघडं, माठ भरलेले, आमी दोघी बसलेल्या. सासूनं त्याच्याकडं बघितलं. "चांगो, माठ उचल रं. पारूचा चुना हाय. गाडीत सांभाळून ठेव, वरनं ओलं फडकं टाक, वारा लागू देऊ नको." बस, एवढंच. तो दारात उभा राहिला. आईकडं बघितलं, टाक्याकडं बघितलं.  मग खाली वाकून त्यानं पहिला माठ उचलला आन् छातीशी धरून घेऊन गेला.  त्या दिवशी रात्री पोटभर जेवला.

तो गेल्यावर मी उठायला लागले. घागर भरलेली होती, सवयीनं हात टाक्याकडं गेला.

"आता नको त्यात," सासू म्हणाली. "बस. दम घे."

पोरी, हे ऐकायला माझे कान किती वर्षं आसुसले होते!  मी फरशीवर बसले आन् जे रडले, आवडीसाठी रडले, पारूसाठी रडले, माझ्या मानेसाठी रडले. सासू कण्हत उठली. तिनं तेलाचे हात पदराला पुसले, माझी घागर उचलली. मला वाटलं, झाडाला घालते. ती माझ्यापुढं खाली बसली, माझे पाय ओढून घेतले आन् ते पाणी माझ्या पायावर ओतलं. भेगांत जुना बसलेला चुना अंगठ्यानं चोळून चोळून काढला. मी पाय मागं घेत होते, "आत्याबाई, पाप लागेल मला," म्हणत होते. सासूनं सुनेचे पाय धुतल्याचं कुणी ऐकलंय का?

"गप बस," ती म्हणाली. "एवढं पाणी टाक्याला घातलंस, एक घागर तुझ्या पायांना."